हिंगाच्या डब्यातली कॉफी

एस्प्रेसो हा शब्द आमच्या घरात कॉफीच्या मशीनच्या कितीतरी आधीपासून नांदत होता. लग्नात मांडवाच्या एका कोपऱ्यात एक माणूस पितळी टाकीसारखं यंत्र घेऊन उभा असायचा. त्याच्या नळीतून फुस्स करून वाफ निघायची, दुधाला वीतभर फेस यायचा, वरून चॉकलेटची भुकटी भुरभुरवली की झाली एस्प्रेसो. तात्यापाऱ्यात काय, पुरानी बस्तीत काय, अख्ख्या रायपुरात ती अशीच मिळायची. लग्नाहून परतल्यावर आई साडीची घडी घालता घालता निकाल द्यायची, "जेवण ठीकच होतं, पण एस्प्रेसो होती." त्यामुळे बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी जेव्हा जाहीर केलं की आता मी घरीच एस्प्रेसो करणार आहे, तेव्हा सगळ्यांना आनंदच झाला. पोट्टा अभ्यास करत नाही तर नाही, निदान पाहुण्यांची सोय तरी करेल, असं आईला वाटलं असावं.

मशीन आलं ते ताईच्या कृपेने. ताई लग्न होऊन नागपूरला गेली तेव्हा तिला आहेरात मिक्सर आले, भिंतीवरची घड्याळं आली आणि कॉफीची मशीन्स चक्क दोन आली. त्यातलं एक तिने दिवाळीला येताना माझ्यासाठी आणलं. काळ्या प्लॅस्टिकचं, मिक्सरएवढंच, पुढे एक दांडीचं गाळणं, खाली काचेचं भांडं आणि वर पाणी भरायच्या टाकीचं झाकण. त्यात पंप वगैरे नव्हता, कुकरसारखी वाफ कोंडायची आणि ती वाफ पाण्याला कॉफीतून ढकलायची, एवढाच कारभार. आता मला कळतं की जाणकार लोक असल्या यंत्राला एस्प्रेसो मशीन म्हणायलासुद्धा तयार नसतात. तेव्हा मात्र मी त्याला हळदकुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, आणि तेही दसरा होऊन गेला होता म्हणून.

पहिल्या प्रयोगाला आई, बाबा आणि शेजारचे ठोसर काका हजर होते. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, भिंतीला भिंत लागून घर, आमच्याकडे काही नवीन आलं की ते त्यांच्याकडेच आल्यासारखं. येताना स्वतःचा स्टीलचा मोठा ग्लास घेऊन आले होते. मशीन बराच वेळ गुरगुरलं, मग खोकललं, मग त्याने काचेच्या भांड्यात काळंभोर, दोन घोटांचं काहीतरी टाकलं आणि शेवटी वाफेचा असा फवारा मारला की ओट्यामागच्या फरशीवर ठिपके उडाले. मी ते काळं पाणी मोठ्या भक्तीने छोट्या कपांत आणि काकांच्या ग्लासात वाटलं. काकांनी आपल्या ग्लासात डोकावून पाहिलं.

"बंटी, फेस कुठी आहे?" ते म्हणाले.

"काका, असली एस्प्रेसोला फेस नसतो. वर फक्त पातळ साय येते."

"साय तरी कुठी आहे?"

साय नव्हतीच. आई म्हणाली, "फेसाचं काय घेऊन बसले, फेस तर यांच्या दाढीलेही येते. पण पाहुण्याच्या हातात एवढंसं ठेवलं तर तो काय म्हणंल?" तिने एक घोट घेतला आणि कप असा खाली ठेवला की मला तो पुन्हा उचलायची हिंमत झाली नाही. काकांनी साखर मागितली, मग दूध मागितलं, मग म्हणाले की यापेक्षा चहाच टाका. फक्त बाबांनी कप संपवला. शेवटचा थेंबसुद्धा ठेवला नाही. ओठ पुसून म्हणाले, "वा. काहीतरी आहे हे." त्या एका वाक्यावर माझं पुढचं सहा महिन्यांचं वेड पोसलं गेलं.

बाबा रेल्वेच्या हिशेब खात्यात होते, पण तात्यापाऱ्यात त्यांची ओळख वेगळीच होती. त्यांचं नाक प्रसिद्ध होतं. आमच्या मराठी मंडळींत कोणाकडे लग्न, मुंज, बारसं असलं की तांदूळ घ्यायला बाबांना सोबत नेण्याची पद्धत होती. छत्तीसगडात राहून भाताला सुवासिक दुबराज तांदूळ नसेल तर पंगतीत मान खाली घालावी लागे, आणि दुबराजच्या नावाखाली काहीही विकणारे दुकानदारही कमी नव्हते. बाबा मूठभर दाणे घ्यायचे, दोन्ही तळव्यांत चोळायचे, त्यांवर तोंडाची वाफ सोडायचे आणि ओंजळ नाकाशी न्यायचे. मग एक तर मान हलायची, नाहीतर दाणे परत पोत्यात पडायचे. त्यांच्या मान हलण्यावर दुकानदारही वाद घालत नसत. घरातही तेच. आई भात टाकायची आणि भाजी चिरायला बसायची, बाबा पुढच्या खोलीत पेपर वाचत असायचे, आणि तिथूनच आवाज यायचा, "भात झाला." आई उठून गॅस बंद करायची. भाताचा अंदाज तिने लग्नानंतर कधी स्वतः घेतलाच नव्हता.

त्या दिवाळीच्या आधी, उन्हाळ्यात, बाबा उरल्याच्या कारखान्यांकडून येताना ट्रकने उडवलेल्या धुळीत काही दिसेनासं होऊन स्कूटरवरून पडले होते. डोक्याला मागे टाके पडले, काही दिवस दवाखान्यात काढले, मग सगळं भरून आलं. तेव्हापासून स्कूटर माझ्याकडे आली, आणि खरं सांगायचं तर त्या अपघाताची माझ्या मनात शिल्लक राहिलेली मुख्य गोष्ट तीच होती. बाबा जरा गप्प झाले होते, जेवताना ठेचा जास्त घ्यायला लागले होते, वरणात वरून मीठ टाकायला लागले होते. आई म्हणायची, वय झालं की जीभ चळते. मी काहीच म्हणायचो नाही, कारण माझं लक्ष कॉफीत होतं.

मला शिकवणारे गुरू मोबाईलमध्ये राहायचे. एक दाढीवाला गोरा होता, त्याच्या मशीनवर इतके काटे आणि तबकड्या होत्या की आगगाडीचं इंजिन वाटावं. तो जे जे करायचा ते मी आमच्या ओट्यावर जमेल तसं उतरवायचो. त्याच्याकडे कॉफी दळायचं खास यंत्र होतं, माझ्याकडे मिक्सरचं चटणीचं भांडं. मिक्सरमध्ये दळलं की निम्मी कॉफी रव्यासारखी आणि निम्मी पिठासारखी व्हायची, म्हणून मी ती आधी रव्याच्या चाळणीने आणि मग मैद्याच्या चाळणीने चाळायचो आणि दोन्हींच्या मधली तेवढी घ्यायचो. गाळण्यात कॉफी दाबून बसवायला त्याच्याकडे लाकडी मुठीचा ठोकळा होता. मी घरभर फिरून झाकणं लावून पाहिली तेव्हा बाबांच्या दाढीच्या साबणाची डबी त्या गाळण्यात अशी बरोबर बसली की जणू त्यासाठीच केली होती. बाबा मग साबण वाटीत ठेवून दाढी करायला लागले. तक्रार केली नाही.

सगळ्यात जाच झाला तो कूलरचा. फेब्रुवारी सरला की रायपुरात ऊन चढतं, आणि दुपारी गल्लीतले सगळे कूलर लागले की आमच्या घरी वीज इतकी मंद यायची की मशीन नुसतं कण्हत बसायचं. मग मी फर्मान काढायचो, "पाच मिनिटं कूलर बंद." आई पदराने वारा घेत म्हणायची, "दोन चमचे काळ्या पाण्यासाठी घामाची घागर भरून राहिलो आम्ही." मी तिला समजावून सांगायचो की दाब कमी पडला तर चव उतरत नाही. आज माझी मुलगी तिच्या कुठल्याशा छंदापायी घरातला पंखा बंद करायला लावते तेव्हा मी जो आरडाओरडा करतो, तो ऐकायला आई असायला हवी होती.

पण हळूहळू मला जमायला लागलं, हे मी अभिमानाने नाही तरी खरेपणाने सांगतो. टाकीत थंड पाणी न घालता आधीच तापवलेलं घालायचं, म्हणजे कॉफी वाट बघत बघत करपत नाही. पाणी थोडंच घालायचं. कप आधी गरम पाण्याने विसळून घ्यायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लोभ धरायचा नाही. पहिली धार काळी येते, मग ती तपकिरी होते, मग फिकट. फिकट व्हायला लागली की कप ओढून घ्यायचा आणि मागून येणारं सगळं मोरीत जाऊ द्यायचं, कारण कडूपणा सगळा त्या शेवटात असतो. कडूपणा हा माझा शत्रू होता. दाढीवाला सांगायचा की चांगली एस्प्रेसो कडू नसते, तिच्यात फळं असतात, गोडवा असतो. मी चिकमगळूरहून कुरिअरने बिया मागवायचो आणि त्या पाकिटावर छापलेलं असायचं, गूळ, संत्रं, भाजलेला बदाम. मी डोळे मिटून घोट घ्यायचो आणि बाबांना सांगायचो, "आधी गूळ येऊन राहिला, मागून संत्रं." पाकीट बदललं की फळं बदलायची. एकदा पाकिटावर जांभूळ होतं, तर मला पंधरा दिवस जांभूळच येत राहिलं. पाकीट न वाचता मला एकदाही काही आलेलं नाही, पण ते मी त्या वेळी कोणाला सांगायला गेलो नाही.

बाबा रोज सकाळी दाढी झाली की स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसायचे आणि माझी कॉफी प्यायचे. घरातले ते माझे एकमेव गिऱ्हाईक. एक गोष्ट मात्र मला टोचत होती. सुरुवातीला, जेव्हा मी कॉफीचा अक्षरशः कोळसा करायचो, तेव्हा ते "वा" म्हणायचे. जशी माझी कॉफी सुधारत गेली तसे ते थंडावत गेले. "ठीक आहे," म्हणायचे, किंवा, "आज पातळ वाटली." मी मनात म्हणायचो, रेल्वेच्या कॅन्टीनचा चहा पिऊन पिऊन जीभ बधीर झालेला माणूस, त्याला काय कळणार सुधारणा. विशीच्या आत माणसाला स्वतःबद्दल जितकं कळत नसतं, त्याच्या दुपटीने तो दुसऱ्याबद्दल ठरवत असतो.

मार्चच्या शेवटी परीक्षेचं केंद्र भिलाईला आलं म्हणून मी तिथे आत्याकडे जाऊन राहिलो. जाताना आईला बजावून गेलो की कॉफीच्या बियांना हवा लागता कामा नये, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, नाहीतर सगळा सुवास उडून जातो. आईने आज्ञा पाळली. आमच्या घरात हवा न जाणारा डबा एकच होता आणि त्यात हिंग असायचा. तिने हिंग दुसरीकडे काढला, डबा लिंबाने घासला, दोन दिवस उन्हात वाळवला, नाकाशी नेऊन पाहिला, काही वास येत नाही अशी खात्री केली आणि माझ्या बिया त्यात भरल्या. जिचा हात दिवसातून दोनदा हिंगाच्या डब्यात जातो तिच्या नाकाला हिंगाचा वास येणार कसा, हा विचार तिलाही शिवला नाही. बियांनी मात्र तो आठ-दहा दिवसांत पिऊन घेतला.

परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी लावली. आई पापड लाटायला ठोसर काकूंकडे गेली होती. मला सर्दी होती, त्यामुळे दळताना काही कळलं नाही, आणि तशी माझ्या नाकाची एकंदर कर्तबगारी वर सांगितलीच आहे. दोन कप भरले. बाबा स्टुलावर बसून पीत होते. मी पहिला घोट घेतला आणि सर्दी असूनही माझ्या तोंडात जे आलं ते कॉफी नव्हती. फोडणीचं वरण होतं. मी धावत जाऊन मोरीत थुंकलो. मागे वळून पाहतो तर बाबा शांतपणे अर्ध्यावर आले होते.

"बाबा, काही वेगळं वाटून राहिलं का आज?"

"नाही. चांगली आहे."

"वास कसा आहे?"

त्यांनी कप नाकाशी नेला, पूर्वी तांदूळ नेत तसाच, आणि म्हणाले, "छान वास आहे."

मी डबा उघडला. उघडताच सबंध ओट्यावर तो वास आला, मलासुद्धा आला. डबा मी त्यांच्या नाकाखाली धरला. त्यांनी आत बिया बघितल्या आणि म्हणाले, "कॉफी आहे. काहून?"

माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं असावं. त्यांनी कप खाली ठेवला.

"काय आहे त्यात?"

"हिंग."

त्यांनी मोरीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "पडलो तेव्हापासून. डॉक्टर म्हणाला, येईल हळूहळू. नाही आला."

"आईले माहीत आहे?"

"नाही. आणि सांगू नको."

"पण तुम्ही तर रोज सांगता, भात झाला म्हणून."

"घड्याळ पाहून सांगतो," बाबा म्हणाले.

मला एकदम सगळे कच्चे आणि बुडाला लागलेले भात आठवले. त्या वर्षात कितीतरी वेळा भात बिघडला होता आणि मी ताटावर बसून आईला टोमणे मारले होते. तिने नव्या शेगडीला दोष दिला होता. वासाच्या बाबतीत बाबा चुकू शकतात ही शक्यता आमच्या घरात कोणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. मला रडू आलं. सर्दीचं निमित्त होतं म्हणून निभावून गेलं.

मग ते जे बोलायला आतून धजत नव्हते ते बोलले. येत्या रविवारी ठोसर काकांसोबत तांदूळ घ्यायला जायचं होतं. त्यांच्या मुलीचं, वर्षाचं, लग्न होतं, आणि वर्षा लहानपणापासून निम्मी आमच्याच घरी वाढलेली. "तिच्या लग्नात भात बिघडला तर मी कोणाले तोंड दाखवू?" बाबा म्हणाले. "तू चल माझ्यासंगं. तुझं नाक तर तयार झालं आहे आता. रोज सांगते तू, गूळ येऊन राहिला, जांभूळ येऊन राहिलं. मी दाणे चोळीन, तुझ्यासमोर धरीन. दुबराज असली असला तर माझं कोपर दाब. कोणाले कळणार नाही."

आता इथे एखाद्या शहाण्या मुलाने सांगितलं असतं की बाबा, ते जांभूळ पाकिटावर छापलं होतं. मी म्हणालो, "हव." वडील पहिल्यांदा माझ्याकडे काही मागत होते, आणि तेही माझ्या गुणाच्या भरवशावर. असा प्रसंग माझ्या आयुष्यात पूर्वी आलेला नव्हता. चार दिवस मी आईच्या नकळत तांदळाच्या डब्यात तोंड घालून सराव केला. मला तांदळाला तांदळाचा वास येत होता. सर्दी गेल्यावरही तेवढाच येत राहिला.

रविवारी आम्ही गंज बाजारातल्या धान्याच्या दुकानात गेलो. मी आणि बाबा स्कूटरवर, काका त्यांच्या मोपेडवर. दुकानदार बाबांना ओळखत होता, त्याने गादीवरून उठून नमस्कार केला आणि तीन पोत्यांची तोंडं उघडून दिली. "बाबूजी आए हैं तो अब हम क्या बोलें," तो म्हणाला, "तीनों दुबराज है, आप सूंघ के बताओ कौन सा घर ले जाना है." काका हात मागे बांधून, देवळात उभे राहावं तसे उभे राहिले. बाबांनी पहिल्या पोत्यातली मूठ घेतली, चोळली, वाफ सोडली, नाकाशी नेली आणि मग सहज दाखवावी तशी ओंजळ माझ्यासमोर धरली. मी इतका जोरात श्वास घेतला की दोन दाणे नाकात गेले. मला धूळ आली, पोत्याचा ताग आला, बाबांच्या हाताचा साबण आला. दुसऱ्या पोत्याला तेच. तिसऱ्याला मला वाटलं की काहीतरी आहे, आणि कोपराकडे हात नेलाही, पण मग वाटलं की पहिल्याला पण असंच काहीतरी होतं.

"भैया, जल्दी नहीं है, आराम से," दुकानदार मला म्हणाला. त्याला ही नवीन पद्धत बघून मौज वाटत होती.

"याला जरा... मागून बदाम येऊन राहिला," मी म्हणालो. का म्हणालो देव जाणे. तोंडाला वळण पडलं होतं. दुकानदाराने बाबांकडे पाहिलं, काकांनी पोत्यात पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं. रोज सकाळी ते जे ऐकत आले होते ते काय होतं, हे त्यांना त्या क्षणी समजलं. मी त्यांच्या कानाशी जाऊन पुटपुटलो, "बाबा, मले काहीच कळून नाही राहिलं."

ते तसेच उभे राहिले. मूठ बंद, तिच्यात वर्षाच्या लग्नाचा तांदूळ. मला वाटलं आता ते कुठल्यातरी पोत्यावर मान हलवतील आणि आम्ही घरी जाऊ. मान हलवणं सोपं होतं, कोणी विचारलं नसतं. गेलं वर्षभर त्यांनी तेच केलं होतं. पण त्यांनी दाणे परत पोत्यात टाकले, हात झटकले आणि काकांना म्हणाले, "ठोसर, माझं नाक गेलं आहे. गाडीवरून पडलो तेव्हाच गेलं. मले कशाचाच वास येत नाही. वर्षाचा तांदूळ मी नाही निवडू शकत."

दुकानदाराने नजर वळवली आणि उगाच वहीत काहीतरी बघू लागला. मग काकांनी हळूच विचारलं, "म्हणजे मागच्या गणपतीत मंडळाच्या महाप्रसादाचा तांदूळ..."

"तोही मीच घेतला होता."

"अस्सं," काका म्हणाले. "त्या भाताले कशाचाच वास नव्हता, मनोहरभाऊ. मी बायकोले म्हटलं, तुम्ही आणला आहे म्हणजे चांगलाच असंल, बहुतेक मलेच सर्दी झाली. तर ती म्हणे, मलेही झाली."

बाबा हसले. आधी नाकातून, मग तोंडाने, मग पोत्याला टेकून. त्यांना असं हसताना मी त्या अपघातानंतर पाहिलं नव्हतं. सबंध मंडळ एका पंगतीत बसून बिनवासाचा भात जेवलं होतं आणि प्रत्येकाने आपल्या नाकावर शंका घेतली होती. काकांनी मग तिन्ही पोत्यांतला थोडा थोडा तांदूळ बांधून घेतला. "घरी शिजवू," ते म्हणाले, "वहिनी आणि आमची ही ठरवतील. भाव करायले मात्र तुम्हीच या, तिथं नाक नाही लागत." बाबांना ते पटलं. मला वाटतं त्यांना ते फार बरं वाटलं.

परत येताना मी स्कूटर हळू चालवत होतो. गल्ली जवळ आल्यावर मी म्हणालो, "बाबा, मग तुम्ही माझी कॉफी रोज कशाले पीत होते? मले बरं वाटावं म्हणून?"

"नाही रे," ते मागून म्हणाले. "चहा पिला तर गरम पाणी वाटते. वरण घेतलं तर पातळ पिठलं वाटते. आंबा खाल्ला तर नुसतं गोड. तुझी कॉफी पहिल्या दिवशी प्यायलो ना, तर इतकी कडू होती, की मले वाटलं, काहीतरी आलं तोंडात. दिवसभरात तेवढंच एक मले कळे. पण आता तू कमी कडू करून राहिला. आता तीही जाऊन राहिली."

मी स्कूटर घरापाशी लावली आणि बराच वेळ तिचं स्टँड लावत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिकलेलं सगळं बाजूला ठेवलं. मैद्याच्या चाळणीखाली पडलेलं पीठच घेतलं, जे एरवी फेकून द्यायचो. ते साबणाच्या डबीने दोन्ही हातांनी दाबून बसवलं. टाकीत थंडगार पाणी भरलं म्हणजे कॉफी नीट करपेल. धार काळी आली, तपकिरी झाली, फिकट झाली, मशीन खोकलायला लागलं, फरशीवर ठिपके उडाले, तरी मी कप हलवला नाही. शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवला. आई पुढच्या खोलीतून म्हणाली, "बंटी, काही जळून राहिलं का रे?" बाबा स्टुलावर बसले होते. त्यांनी घोट घेतला. त्यांचं सगळं तोंड आक्रसलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि डोळे मिटून ते काही वेळ तसेच बसले.

"हां," म्हणाले. "आज आली."

मी माझ्या कपातला एक घोट घेऊन पाहिला आणि उरलेलं मोरीत ओतलं. पुढे मी नोकरीला लागलो, चांगलं मशीन घेतलं, बाहेर लोक माझ्या कॉफीचं कौतुक करायला लागले, आणि पाकीट न वाचता मला कधीमधी संत्रंही येऊ लागलं. पण त्या सकाळनंतर, बाबा होते तोवर, आमच्या घरात मी चांगली कॉफी कधी केली नाही.